शिंदीचे फडे आणि रानाची राखण

१

उमरगा तालुक्यात जंगल नाही. सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गाने नळदुर्ग ओलांडले की दोन्ही बाजूंना तुरीची, सोयाबीनची, उसाची शेते लागतात. मधूनच एखादा उघडा माळ, ओढ्याकाठी बाभळी आणि बांधावर निंब. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांत आमच्या धाराशिव जिल्ह्याचे वनाच्छादन एक टक्क्याच्याही आत असते. येडशीजवळचे रामलिंग घाट अभयारण्य हे जिल्ह्यातले नाव घेण्याजोगे रान. तेही सुमारे २२ चौरस किलोमीटरचे.

अशा तालुक्यात बसून मी गेली पंधराएक वर्षे वनरक्षणाच्या चळवळींची टिपणे काढतो आहे, हे ऐकून लोक हसतात. मी पेशाने आडतीवरचा मुनीम. विद्यापीठाची पायरी चढलेलो नाही. वाचनालयांतून, जुन्या गॅझेटियरमधून आणि म्हाताऱ्या माणसांच्या ओसरीवर बसून जे मिळाले ते वहीत उतरवत गेलो. हा लेख त्या वह्यांतल्या एका नोंदीपासून सुरू होतो.

२०२२ साली हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे अमृतमहोत्सवी वर्ष सुरू झाले. त्यानिमित्ताने मी तालुक्यातल्या काही खेड्यांत आठवणी गोळा करत होतो. एका गावात एक वृद्ध गृहस्थ लहानपणी पाहिलेली हकिकत सांगत होते. १९४७च्या सत्याग्रहात रात्री तरुण पोरे ओढ्याकडे जात, शिंदीची झाडे तोडत आणि उजाडायच्या आत सीमेपलीकडे पसार होत. मी भराभर लिहून घेत होतो. शेजारच्या मातंग वस्तीतली ८४-८५ वर्षांची एक आजी तिथेच बसली होती. ती मध्येच म्हणाली, “झाडं तोडली त्ये खरंच हाय, बाबा. पर दिवाळी तोंडावर आल्ती. आमच्या मायनं फडं कशाचं बांधायचं, ह्ये कुणी इच्यारलं का?”

कोणी विचारले नव्हते. मीही नाही.

फडा म्हणजे शिंदीच्या पातीची केरसुणी. लक्ष्मीपूजनाला आपण तिला लक्ष्मी म्हणून हळद-कुंकू वाहतो. ती बांधणाऱ्या बायकांना पाती लागते, आणि पाती शिंदीच्या झाडाची. सत्याग्रहींच्या हिशेबात ते झाड म्हणजे निजाम सरकारच्या आबकारी उत्पन्नाचे साधन होते. आजीच्या आईच्या हिशेबात ते वर्षाच्या मीठ-मिरचीचे साधन होते. दोन्ही हिशेब खरे. इतिहासात मात्र पहिला नोंदला गेला, दुसरा राहून गेला.

त्या दिवसापासून माझ्या टिपणांची दिशा बदलली. वनरक्षणाच्या चळवळीत ग्रामीण स्त्रियांचा ‘सहभाग’ होता, असे आपण सगळेच लिहितो. सहभाग हा शब्द मला आता अपुरा वाटतो. रानाशी रोजचा व्यवहार त्यांचा होता आणि चळवळीचे नाव मात्र इतरांनी ठेवले. हा व्यवहार आणि त्यामागचा निर्णयाचा हक्क यांत किती अंतर होते, ते तपासण्याचा हा प्रयत्न आहे.

२

‘राखणे’ हे आपल्या शेतीतले जुने क्रियापद आहे. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर बसून गोफणीने पाखरे हाकलणे ही राखण. गावची गुरे वळणारा तो गुराखी. एकोणिसाव्या शतकात सरकारने याच क्रियापदापासून एक कायद्याचा शब्द रूढ केला, ‘राखीव’. १८६५चा पहिला वनकायदा, मग १८७८चा अधिक कडक कायदा आणि शेवटी १९२७चा भारतीय वन अधिनियम, अशा पायऱ्यांनी रानाचे राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे वर्ग पाडले गेले. राखीव वनात परवानगीवाचून गुरे चारणे, लाकूड नेणे, गवत कापणे, पालापाचोळा उचलणे हे गुन्हे ठरले.

जोतीराव फुले यांनी १८८३ साली पुरे केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये या बदलाची झळ नोंदवली आहे. डोंगर, दऱ्या आणि गावची गायराने जंगलखात्यात सामील झाल्यामुळे शेतकऱ्याच्या जनावरांना तोंड घालायला जागा उरली नाही, हे त्यांनी स्पष्ट शब्दांत मांडले. वनखात्यावर मराठीत इतक्या लवकर आणि इतकी नेमकी टीका दुसऱ्या कोणी केल्याचे माझ्या वाचनात नाही.

कायद्याने गुन्हा ठरवलेल्या त्या कामांची यादी पुन्हा वाचावी. गवत कापणे, काटक्या वेचणे, पालापाचोळा गोळा करणे, शेरडे चारणे. घरात ही कामे कोण करत होते? लाकडाची गाडी भरून नेणारा पुरुष होता, व्यापारीही होता. पण रोजची मोळी, रोजचा भारा आणि रोजची पाटी बाईच्या डोक्यावर होती. त्यामुळे वनकायद्याने ज्यांना सगळ्यांत जास्त वेळा गुन्हेगार ठरवले, त्यांत त्या होत्या. पहारेकऱ्याला चुकवून जायचे, सापडले तर विळा आणि मोळी जप्त व्हायची, दंड किंवा लाच द्यायची. हा नित्यक्रम होता आणि त्याला कोणी चळवळ म्हणत नव्हते.

१९३० साली ते बदलले, निदान काही महिन्यांपुरते. मिठाचा कायदा मोडायला समुद्र लागतो. वऱ्हाडात आणि घाटमाथ्यावर समुद्र नव्हता, म्हणून तिथे जंगलचा कायदा मोडायचे ठरले. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळ गवत कापून सत्याग्रह केला आणि त्यांना अटक झाली. पाठोपाठ बागलाण, संगमनेर, शिराळ्याजवळचे बिळाशी अशा ठिकाणी लोक विळे-कोयते घेऊन राखीव रानात शिरले. २५ सप्टेंबरला उरण तालुक्यातल्या चिरनेर इथे अक्कादेवीच्या रानात गोळीबार झाला. नाग्या कातकरी याच्यासह आठ जण तिथे हुतात्मा झाले. मामलेदार जोशी हेही त्या धुमश्चक्रीत मारले गेले.

गवताचा भारा कापणे ही आमच्या आया-आज्यांची रोजची गोष्ट होती. तीच गोष्ट पुढाऱ्याने हार घालून केली तेव्हा सत्याग्रह झाला. अण्यांचा त्याग कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. तुरुंग खरा होता आणि धैर्यही खरे होते. परंतु सत्याग्रहाला निवडलेले कृत्य बायकांच्या कष्टातून उचललेले होते, ही बाब आपल्या इतिहासलेखनाने फारशी मनावर घेतलेली नाही.

याला एक ठळक अपवाद आहे. ९ ऑक्टोबर १९३० रोजी शिवनी जिल्ह्यातल्या टुरिया या गावी जंगल सत्याग्रहासाठी जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिवनी आज मध्य प्रदेशात आहे, पण तेव्हा तो आणि वऱ्हाड एकाच प्रांतात होते. टुरियात चौघांचा मृत्यू झाला. त्यांपैकी तिघी गोंड स्त्रिया होत्या. नेते मागे आणि भारा वाहणाऱ्या पुढे, असे तिथे घडले होते. आमच्या शालेय पुस्तकांत चिरनेर आले. टुरिया प्रांताबरोबर आमच्या स्मरणातून बाहेर गेले.

३

आता पुन्हा उमरग्याकडे. आमचा मुलूख ब्रिटिशांचा नव्हता, निजामाचा होता. त्यामुळे १९३०च्या लाटेची झळ इथे सीमेपलीकडून आली. आता लोहारा तालुक्यात असलेल्या हिप्परग्याला १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली होती आणि स्वामी रामानंद तीर्थ तिथे शिक्षक होते. पुढे मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. ७ ऑगस्ट १९४७ रोजी भारतात सामील होण्याची मागणी करणारा दिवस संस्थानभर पाळला गेला आणि सत्याग्रहाला तोंड फुटले.

त्या लढ्यात ‘जंगल सत्याग्रह’ हा शब्द मराठवाड्यातही वापरला गेला. इथे त्याचा ठरीव अर्थ होता शिंदीची झाडे तोडणे. करोडगिरी नाके जाळणे, सारा नाकारणे आणि शिंदी तोडणे हा एकाच कार्यक्रमाचा भाग होता. कारण सरळ होते. आबकारी हे निजाम सरकारचे फार मोठे उत्पन्न होते. शिंदी-ताडीचे मक्ते दिले जात. झाड तोडले की मक्ता बुडाला, आणि दारूबंदीचा गांधीवादी आग्रहही पुरा झाला. सत्याग्रहींच्या दृष्टीने यात कसलीच खोट नव्हती. १७ सप्टेंबर १९४८ला संस्थान मुक्त झाले, त्यात या तोडीचाही वाटा आहे.

तरीही आजीचा प्रश्न शिल्लक राहतो. तोडायच्या झाडांत फडे बांधणाऱ्या बायकांचा हक्क आहे, हे सत्याग्रहींच्या ध्यानात का आले नाही? मला सुचलेले उत्तर असे: सरकारची वही आणि सत्याग्रहींची वही या बाबतीत एकाच पद्धतीने लिहिलेल्या होत्या. दोन्हींत शिंदीपुढे एकच रकाना होता, आबकारीचा. सरकारने त्यात जमा लिहिली, सत्याग्रहींनी वजा. पातीचा रकाना कोणत्याच वहीत नव्हता, कारण पाती वेचणाऱ्या बाईकडे सातबाराही नव्हता आणि मक्ताही नव्हता. मुनिमाला ही गोष्ट लवकर कळते. ज्याचे खाते नाही, त्याचे नुकसान कधीच निघत नाही.

रझाकारांच्या दहशतीच्या त्या काळात मराठवाड्यातल्या स्त्रियांनी निरोप पोचवले, भाकरी पुरवल्या, शस्त्रे लपवली, काहींनी बंदूकही हाती घेतली. त्यांच्या शौर्यकथा आता लिहिल्या जात आहेत आणि ते योग्यच आहे. पण आजीच्या आईने शौर्य केलेले नव्हते. तिचे फक्त एक वर्ष बुडाले होते. अशा बायका इतिहासात कोणत्या प्रकरणात घालायच्या, हे मला बराच काळ उमजत नव्हते.

४

उत्तराची पहिली खूण मला चिपकोच्या इतिहासात सापडली. चिपको म्हटले की झाडांना मिठी मारणाऱ्या स्त्रिया आणि २६ मार्च १९७४चा रेणी गावचा प्रसंग आठवतो. त्या दिवशी गावचे पुरुष जमिनीच्या भरपाईसाठी चमोलीला गेले होते. ठेकेदाराची माणसे रानात निघालेली पाहून गौरा देवी २७ बायकांना घेऊन आडव्या उभ्या राहिल्या आणि तोड थांबली. प्रसंग खरा आहे आणि मोठा आहे.

मात्र चळवळीचा आरंभ त्याच्या एक वर्ष आधीचा, मंडल गावचा. तिथल्या ग्रामस्वराज्य संघाने शेतीच्या अवजारांसाठी अंगूची काही झाडे मागितली होती. ती त्यांना नाकारली गेली आणि खेळाचे साहित्य बनवणाऱ्या एका कंपनीला तीच झाडे मिळाली. म्हणजे लोकांना झाडे तोडूच नयेत असे म्हणायचे नव्हते. नांगराला लाकूड आधी की बॅटला, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे जगाने चिपकोला निव्वळ वृक्षप्रेमाची चळवळ करून टाकले आणि ‘आधी कोणाला’ हा मुद्दा मागे पडला.

दुसरी घटना कमी सांगितली जाते. १९८० साली डुंगरी-पैंतोली इथे गावच्या पुरुषांच्या पंचायतीने ओकचे रान बटाट्याच्या शेतीसाठी द्यायचे मान्य केले. बदल्यात गावाला रस्ता आणि इतर सोयी मिळणार होत्या. बायकांनी विरोध केला. त्या रानाबरोबर चारा आणि जळण जाणार होते आणि मैलोन्‌मैल चालायचे त्यांना होते. इथे समोर ठेकेदार नव्हता, घरचाच माणूस होता. रान वाचले. पण बायका रान का राखतात, याचे उत्तर या घटनेत रेणीपेक्षा जास्त उघडपणे मिळते.

या प्रश्नावर आपल्याकडे मोठा वाद झालेला आहे. वंदना शिवा यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस स्त्री आणि निसर्ग यांच्यातल्या नात्याला सर्जनाचे, एकरूपतेचे नाते मानले. अर्थशास्त्रज्ञ बीना अगरवाल यांनी १९९२मध्ये त्याला उत्तर दिले. स्त्रीचे रानाशी नाते तिच्या कामाच्या वाटणीतून, मालमत्तेच्या अभावातून आणि जातीवर्गातून घडते, जन्मजात ओढीतून घडत नाही, असा त्यांच्या मांडणीचा आशय आहे. मी अगरवालांच्या बाजूचा आहे. पुस्तकांआधी माझ्या आईने मला तसे केले. ती दुसऱ्याच्या शेतातल्या तुराट्या उपटून डोक्यावर आणायची. निसर्गावर तिचे प्रेम होते की नाही, मी तिला कधी विचारले नाही. तिची मान दुखायची, एवढे मला माहीत आहे.

याच अगरवालांनी पुढे गुजरात आणि नेपाळमधल्या गावांच्या वनसमित्यांचा अभ्यास केला. २०१०मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकाचा निष्कर्ष आपल्या कामाचा आहे. समितीत एखादी-दुसरी बाई शोभेपुरती असली तर फारसा फरक पडत नाही; त्यांचे प्रमाण पाव ते एकतृतीयांशाच्या पुढे गेले की त्या बोलू लागतात, नियम बदलतात आणि रानाची स्थितीही सुधारते. राखणीची जबाबदारी स्त्रियांवर आधीपासूनच होती. निर्णयात त्यांची संख्या वाढली तेव्हा ती राखण फळाला आली.

५

महाराष्ट्रात या गोष्टीचा पुरावा गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने दिला. १९८०च्या दशकात धरणविरोधी ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलनातून तिथे विचाराची घुसळण सुरू झाली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने गावाने ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ अशी घोषणा केली. तिथला निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. याचा एक परिणाम असा की बायका नाही म्हणत असतील तर विषय पुढे सरकत नाही. गावची दारू आणि गावचे रान, दोन्हींचे निर्णय याच पद्धतीने झाले. २००९ साली मेंढ्याला १,८०९ हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. एप्रिल २०११मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्याचे अधिकारही ग्रामसभेकडे आले. ज्या बांबूसाठी गावकऱ्याने दंड भरला होता, त्याची पावती आता गावच फाडू लागले.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ साली सुमारे एक हजार हेक्टरवर असाच हक्क मिळाला. त्यांनी बांबू विकून रोजगार उभा केला. तेंदूपत्ता मात्र तोडायचा नाही, असे ठरवले. तेंदूसाठी रान जाळावे लागते, फांद्या छाटाव्या लागतात. हातचा पैसा सोडून त्यांनी ते बंद केले. रानाचा एक भाग त्यांनी देवराईसारखा राखून ठेवला आहे. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने सुमारे ४४५ हेक्टर रान पुन्हा उभे केले. तिथे दरवर्षी वनभाज्यांची स्पर्धा भरते. बायका शंभराच्या आसपास रानभाज्या रांधून मांडतात. कोणती भाजी कोणत्या पावसानंतर, कोणत्या उतारावर येते, हे रानाचे ज्ञान तिथे पहिल्यांदा ताटात येऊन सर्वांसमोर बसते.

या सगळ्यामागे २००६चा वनहक्क कायदा आहे. त्या कायद्यात दोन तरतुदी मला फार महत्त्वाच्या वाटतात. वैयक्तिक हक्काचा पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे द्यावा लागतो. आणि वनहक्क समितीत किमान एकतृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात; २०१२च्या दुरुस्तीनंतर ग्रामसभेच्या गणपूर्तीतही एकतृतीयांश स्त्रियांची उपस्थिती आवश्यक झाली. टुरियाच्या तिघींना जे मिळाले नाही, ते कागदावर यायला ७६ वर्षे लागली.

६

पण हा कायदा फक्त वनजमिनीला लागू होतो. उमरग्याला त्याचा काय उपयोग? आमच्याकडे रान म्हणजे गायरान, ओढ्याचा काठ, परमपोक. महसुली जमीन. आमच्या बायकांचे जळण तिथून आले, शेरडे तिथे चरली. आणि इथे माझ्या स्वतःच्या चुकीची कबुली द्यायला हवी.

२०११ साली जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्याचा आदेश दिला. जुलैत महाराष्ट्र शासनाने गायराने इतर कामांना देण्यावर बंदी घालणारा निर्णय काढला. मी आनंदून एका स्थानिक साप्ताहिकात लेख लिहिला. अतिक्रमण करणाऱ्यांनी गायराने खाल्ली, म्हणून गावे उघडी पडली, असा त्याचा रोख होता. काही दिवसांनी एक विधवा बाई आडतीवर आली. गायरानात दीड एकर वाहून ती दोन मुले वाढवत होती. ती म्हणाली, “सर, तुमी लिवलं ते बराबर असंल. पर आमच्या सासऱ्यानं या जमिनीपायी जेल भोगलीया.”

मग मी वाचायला लागलो. १९५३ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला होता. पडीक सरकारी जमीन आणि गायराने कसायला मिळावीत ही मागणी होती. १९६४च्या देशव्यापी सत्याग्रहात लाखो माणसे तुरुंगात गेली, त्यांत कडेवर लेकरे घेतलेल्या हजारो बायका होत्या. त्या लढ्यांचे फळ म्हणून १४ एप्रिल १९९० पूर्वीची दलित-आदिवासींची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय १९९१मध्ये झाला. अनेकांचे कागद आजही अपुरे आहेत. २०२२मध्ये उच्च न्यायालयात गायरान-अतिक्रमणांचा विषय निघाला तेव्हा गावोगाव नोटिसा गेल्या आणि याच घरांची झोप उडाली.

म्हणजे उमरग्याच्या माळावर दोन बाया समोरासमोर उभ्या आहेत. एकीला गायरान चाऱ्या-जळणासाठी मोकळे हवे. दुसरीला त्यातला तुकडा कसायला हवा. दोघी गरीब, दोघींचा हक्क जुना. एकीने राखले की दुसरीचे जाते. ‘स्त्रिया निसर्गाच्या रक्षक’ हे वाक्य या माळावर आणून उभे केले तर ते कोणाच्या बाजूने बोलेल?

मी पाहिलेल्या एका गावचे उदाहरण देतो. बचत गटाच्या बायकांनी गायरानाला चर खोदून झाडे लावायचे ठरवले. मधोमध एका भूमिहीन घराचा वहितीचा तुकडा येत होता. पुरुषांच्या बैठकीत तो काढून टाकायचे ठरायला दहा मिनिटे लागली. बायकांच्या तीन बैठका झाल्या, त्यात भांडणेही झाली. शेवटी तुकडा वगळून चर वळवला, आणि त्या घरातल्या बाईने राखणीचा पहिला आठवडा अंगावर घेतला. झाडे सगळी जगली नाहीत, निम्म्याच्या वर गेली. मात्र शेरडे आत सोडण्यावरून पुढे कोणी कोणाला ‘अतिक्रमणवाली’ म्हटले नाही.

आमच्या भागात बायका अशा बैठका घेऊ शकतात, यालाही इतिहास आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर घरांच्या दुरुस्तीच्या कार्यक्रमात महिला मंडळांना गावोगाव संवाद सहायक नेमले गेले. सिमेंटच्या पोत्यांचा हिशेब मागता मागता त्यांना ग्रामसभेत बोलायची सवय लागली. माळवदांखाली माणसे गाडली गेली, त्या दुःखातून हे निघाले. म्हणून ते सांगताना जीभ अडखळते. पण नोंद हवी.

७

जंगल नसलेल्या तालुक्यालाही एक कायदा लागू होतो, तो २००२चा जैवविविधता कायदा. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. २००४च्या नियमांनी तिच्यात किमान एकतृतीयांश स्त्रिया ठेवल्या होत्या आणि गावची लोकजैवविविधता नोंदवही करण्याचे काम तिच्याकडे दिले होते. गावात कोणती झाडे, वेली, गवते, पाखरे आहेत आणि त्यांचा उपयोग कोण, कसा करते, हे त्या वहीत लिहायचे असते. पुष्कळ ठिकाणी ही वही बाहेरच्या माणसाने टेबलावर बसून भरलेली मी पाहिली आहे. झाडांची नावे असतात. उपयोग करणाऱ्या माणसांचे रकाने कोरे असतात.

गेल्या वर्षी नवरात्रानंतर मी त्या आजीच्या गावी पुन्हा गेलो. ओढ्याकाठी शिंदीची अकरा झाडे मोजली. सुनेने सांगितले की पाती आता कमी पडते, म्हणून त्या पाती विकत आणून फडे बांधतात. बाजारात प्लास्टिकचे झाडू आले तरी लक्ष्मीपूजनाला लोकांना फडाच लागतो. कोवळी पाती कधी काढायची, झाड मरू नये म्हणून मधला कोंब कसा सोडायचा, हे तिने मला काठावर उभे राहून दाखवले. ती राखणच होती. तिच्या सासूच्या आईलाही हे येत असणार.

मी ग्रामपंचायतीत जाऊन नोंदवही मागितली. शिंदीची नोंद होती. उपयोगाच्या रकान्यात ‘मद्यार्क’ एवढेच लिहिले होते. आबकारीचा जुना रकाना अजून चालू होता.

ग्रामसेवकांनी दुरुस्तीला हरकत घेतली नाही. ठरावासाठी समितीची बैठक लागेल आणि तिच्यात माहिती देणाऱ्यांनी स्वतः यावे लागेल, एवढेच ते म्हणाले. सासू-सून दोघी गेल्या. आजीला चालवत नव्हते, म्हणून नातवाने मोटारसायकलवर बसवून नेले. आता त्या ओळीत केरसुण्यांचा उल्लेख आहे, पाती काढण्याची रीत आहे आणि माहिती देणार म्हणून दोघींची नावे आहेत. आजीने अंगठा उठवला आणि मला विचारले, “आता ही झाडं कुणी तोडली तर?”

नोंद असल्यावर निदान विचारावे तरी लागेल, असे मी तिला सांगितले.